दहा रिकाम्या जागा : मुख्याध्यापक आणि समुपदेशकांना खुले पत्र

आदरणीय मुख्याध्यापक आणि समुपदेशक,

अमेरिकेतल्या महाविद्यालयांत पदवीसाठी अर्ज करणाऱ्या मुलांच्या अभ्यासेतर उपक्रमांच्या याद्या आम्ही वाचतो, तपासतो आणि त्यांतलं कुठे काय चुकलं ते मुलांना दाखवतो. १ ऑगस्टला कॉमन ॲपचा, म्हणजे अनेक महाविद्यालयांना एकच अर्ज पाठवण्याच्या ऑनलाइन सोयीचा, नव्या वर्षाचा अर्ज उघडतो. त्यात उपक्रमांसाठी १० जागा दिसतात आणि बारावीतल्या मुलांच्या घराघरांत एकच हिशेब सुरू होतो : सहा भरल्या, चार उरल्या, आता काय करायचं? मग कुणी आठवड्याभरात संस्था काढतं, कुणी पैसे भरून ऑनलाइन कोर्स उरकतं, आणि शाळेत नव्या क्लबांचं पीक येतं. त्या चार जागा रिकाम्या राहिल्या तरी बिघडत नाही, हे मुलांना अधिकाराने सांगू शकतील अशी माणसं तुम्हीच आहात. नववीपासून त्यांचा वेळ, त्यांच्या जबाबदाऱ्या आणि त्यांच्या नोंदी यांवरही तुमचाच हात आहे. म्हणून पालकांना न लिहिता हे पत्र तुम्हाला लिहितो आहोत.

अर्जात नेमकं काय विचारतात ते आधी पाहू, कारण निम्मी घबराट ते नीट न वाचल्यामुळेच होते.

कॉमन ॲपमध्ये जास्तीत जास्त १० उपक्रम लिहिता येतात. ‘जास्तीत जास्त’ या शब्दांकडे कुणाचं लक्ष जात नाही. प्रत्येक उपक्रमाचा प्रकार दिलेल्या यादीतून निवडायचा, पदासाठी ५० अक्षरं, संस्थेच्या नावासाठी १०० आणि कामाच्या वर्णनासाठी १५०. मधल्या मोकळ्या जागा आणि विरामचिन्हंसुद्धा यातच मोजली जातात. पुढे विचारतात : कोणकोणत्या इयत्तांत केलं, शाळा चालू असताना, सुटीत की वर्षभर, आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे. पुरस्कारांचा रकाना वेगळा आहे. तिथे ५ जागा, प्रत्येकी १०० अक्षरं, आणि पुरस्कार शालेय, राज्य पातळीवरचा, राष्ट्रीय की आंतरराष्ट्रीय हे सांगायचं. म्हणजे ऑलिम्पियाडचं पदक उपक्रमात कोंबायची गरज नाही. त्या पदकामागचा दोन-तीन वर्षांचा सराव उपक्रमात जातो आणि पदक पुरस्कारात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज स्वतंत्र असतो. तिथे उपक्रम, पुरस्कार, नोकरी, सेवाकार्य असं सगळं मिळून २० नोंदी करता येतात आणि वर्णनाला ३५० अक्षरं मिळतात. एमआयटीचाही अर्ज स्वतःचा आहे, आणि तिथे जागा आहेत फक्त ४. इतकी काटेकोर निवड करणाऱ्या संस्थेला चार उपक्रमांत मुलाची ओळख पटते, तर दहाव्या जागेसाठी जीव टाकण्यात काय अर्थ आहे? लाफायेत कॉलेजने २०२३ मध्ये जाहीर केलं की अर्जातले ६ च उपक्रम आपण विचारात घेऊ. त्याआधी २०१६ मध्ये हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातल्या मेकिंग केअरिंग कॉमन या प्रकल्पाने आपल्या अहवालात स्पष्ट शिफारस केली होती : दोन-तीन भरीव उपक्रमांपेक्षा जास्त दाखवण्याचं दडपण विद्यार्थ्यांवर असू नये, हे महाविद्यालयांनी अर्जातच सांगावं.

आणखी एक कागद तुमच्या कार्यालयात असायला हवा. अमेरिकेतली अनेक महाविद्यालयं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं माहितीपत्रक प्रसिद्ध करतात. त्यातल्या सी ७ या तक्त्यात प्रवेश देताना कशाला किती वजन आहे ते लिहिलेलं असतं : गुण, विषयांची काठिण्यपातळी, निबंध, शिफारसपत्रं, अभ्यासेतर उपक्रम, अंगभूत गुणवत्ता, सेवाकार्य, नोकरीचा अनुभव. प्रत्येकापुढे चारांपैकी एक खूण असते : अत्यंत महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, विचारात घेत नाही. मुलाच्या यादीतल्या प्रत्येक महाविद्यालयाचा सी ७ काढा आणि पालकांसमोर ठेवा. गुण आणि निवडलेले विषय जवळपास सगळीकडे वरच्या खणात दिसतात. उपक्रमांची खूण मात्र जागा बदलत राहते. काही मोठ्या सरकारी विद्यापीठांत तर ती अगदी खाली असते. जिथे ती खाली आहे तिथे अर्ज करणाऱ्या मुलाचे शनिवार-रविवार उपक्रमांत घालवून गणिताचे गुण घसरू देणं हा शुद्ध तोटा आहे. ब्रिटनची रीत तर निराळीच. तिथल्या विद्यापीठांचे अर्ज एकत्र घेणाऱ्या यूकॅस या संस्थेच्या अर्जात २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्न आहेत, तिन्हींची उत्तरं मिळून ४,००० अक्षरांत, आणि शिक्षणाबाहेर काय केलं हा प्रश्नही निवडलेल्या विषयाच्या तयारीशी जोडलेला आहे. इतिहास शिकायला निघालेल्या मुलीचं बास्केटबॉल तिथे फारसं कामाला येत नाही. तिने जुनी दफ्तरं वाचण्याचा सराव केला असेल तर तो येतो.

आता तासांचा हिशेब. अर्जातली तासांची आणि आठवड्यांची ही दोन छोटी खणं पालकांना किरकोळ वाटतात, पण यादी कोसळते ती बहुतेक वेळा इथेच.

आठवड्याचे तास १६८. १३ ते १८ या वयात रोज ८ ते १० तास झोप हवी, असं अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन सांगते. ९ धरले तर ६३ तास झोपेचे. शाळा आणि जाण्यायेण्याचे ४५, घरच्या अभ्यासाचे २०, जेवणखाण, आंघोळ, घरातली ऊठबस यांचे २०. उरले २०. त्यातले पाच-सहा तरी मुलाचे स्वतःचे, कशालाच न बांधलेले हवेत. म्हणजे उपक्रमांना आठवड्याला १२ ते १५ तास. परीक्षेच्या दिवसांत तेवढेही नाहीत. आणि आमच्यासमोर याद्या येतात त्यांत १० उपक्रम, प्रत्येकी ६ तास, सगळे वर्षभर! बेरीज ६० तास. वाचणारा माणूस ही बेरीज करतोच, आणि एकदा ती जमली नाही की उरलेल्या खऱ्या ओळींवरचाही त्याचा विश्वास उडतो.

आठवड्यांचंही तसंच. शाळेचा क्लब वर्षाला ५२ आठवडे चालत नाही. परीक्षा आणि सुट्या वजा केल्या की २८ ते ३४ उरतात. ‘५२’ हा आकडा फक्त रोजच्या रियाजाला, घरच्या कामाला किंवा खरोखर वर्षभर चालणाऱ्या नोकरीला शोभतो. आणखी एक चूक म्हणजे सरासरी काढणं. नाटकाच्या तालमी ६ आठवडे, आठवड्याला १२ तास झाल्या, तर १२ आणि ६ असंच लिहावं. काही जण तेच ७२ तास २ आणि ३६ असे पसरून लिहितात, म्हणजे काम वर्षभराचं दिसेल. पण नाटक वर्षभर दर आठवड्याला दोन तास बसत नाही हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. उलट सहा आठवडे रोज दोन तास तालीम केली यातून मुलाची झोकून देण्याची तयारी दिसते, आणि पसरलेल्या आकड्यात नेमकी तीच पुसली जाते.

मग निवड कशी करायची? ‘तुला काय आवडतं?’ असा थेट प्रश्न चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला टाकला की एक तर खांदे उडतात, नाही तर पालकांना हवं ते उत्तर येतं. त्यापेक्षा नववीच्या पहिल्या सत्रात दोन आठवड्यांची वही लिहून घ्या. शाळेबाहेरचा प्रत्येक अर्धा तास कुठे गेला एवढंच त्यात लिहायचं, शेरे मारायचे नाहीत. न सांगता, न ओरडता मूल वारंवार कशाकडे वळतं ते त्या वहीत सापडतं. कुणी बसच्या वेळापत्रकांचे तक्ते करत बसलेलं असतं, कुणी धाकट्या बहिणीला गणित समजावत असतं, कुणी बिघडलेला पंखा खोलून बसलेलं असतं. यातल्या कशालाही ‘प्रोफाइल’ म्हणता येणार नाही असं घरच्यांना वाटतं, आणि बीज मात्र तिथेच असतं.

त्यातून दोन-तीन गोष्टी निवडून प्रत्येकीला सहा ते आठ आठवडे द्यावेत. मग तीन प्रश्न विचारावेत. मी उद्या गेलो नाही तर कुणाचं काही अडेल का? सहा महिन्यांनी मला आज न येणारी कुठली गोष्ट येत असेल? आणि वर्षाअखेरी दुसऱ्याच्या हातात देता येईल असं काय उरेल : एखादी नोंदवही, चालणारं यंत्र, बसवलेली बंदिश, वाचायला शिकलेलं मूल? तिन्हींचं उत्तर ‘काही नाही’ असेल तर तो उपक्रम निर्धास्त सोडू द्या. दहावीच्या अखेरीपर्यंत सोडलेल्या गोष्टींचा कुणी जाब विचारत नाही. अर्धवट सोडल्याचा डाग लागेल या भीतीने मुलं नको असलेला गिटारचा क्लास बारावीपर्यंत ओढतात, आणि त्यात हव्या असलेल्या गोष्टीचे तीनशे-चारशे तास जातात.

दहावीच्या शेवटी साधारण असं चित्र असावं : एक, फार तर दोन खोल कामं, आठवड्याला ५ ते ७ तासांची. दोन हलकी, प्रत्येकी एक-दोन तासांची, निव्वळ आनंदाची असली तरी चालतील. घरची जबाबदारी असेल तर ती यातच धरायची, वेगळी नाही.

खोल काम म्हणजे काय, ते दोन उदाहरणांनी सांगतो.

एखाद्या मुलीला नदीच्या पाण्याबद्दल कुतूहल आहे. ‘नदी वाचवा’ फेरी काढली की दिवसभरात फोटो मिळतो आणि काम तिथेच संपतं. त्याऐवजी तिने तीन ठिकाणं ठरवावीत आणि दर रविवारी एकाच वेळी तिथलं पाणी घ्यावं. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून मग भरावी. तापमान, सामू (पीएच) आणि गढूळपणा मोजावा. वर्षात ४५ फेऱ्या झाल्या तरी १३५ नमुने होतात. यात चुकतं काय? सामू मोजायचं यंत्र ७ आणि ४ च्या प्रमाण द्रावणांवर लावून न घेता महिनोन् महिने वापरलं जातं आणि आकडे हळूहळू सरकतात. परीक्षेच्या महिन्यात खंड पडतो आणि नेमके ऋतू बदलतानाचे नमुने हुकतात. मोजायची जागा सोयीनुसार बदलते. यावर उपाय असा की सुरुवातीलाच दोघी-तिघींनी वाटून घ्यावं, प्रमाण द्रावणांवर यंत्र लावल्याची तारीख प्रत्येक पानावर लिहावी आणि चुकलेला आठवडा कोराच ठेवावा, अंदाजाने भरू नये. दुसऱ्या वर्षी ती मुलगी ‘मागच्या वर्षीचे पहिले चार महिने मला टाकून द्यावे लागले, कारण यंत्र नीट लावलेलं नव्हतं’ असं सांगू शकते. मुलाखतीत हे एक वाक्य दहा प्रमाणपत्रांवर भारी पडतं.

दुसरं उदाहरण शिकवण्याचं. एका दिवसात ४० मुलांना ‘मार्गदर्शन’ करण्यापेक्षा दोनच मुलांना, आठवड्यातून दोनदा, ४५-४५ मिनिटं, दोन वर्षं वाचायला शिकवणं कितीतरी कठीण आणि कितीतरी मोलाचं. दर महिन्याला त्याच पातळीचा नवा उतारा देऊन एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते मोजावं आणि कुठली जोडाक्षरं अडतात ते लिहावं. इथे काम मोडतं ते शिकवणारा बदलत राहिल्यामुळे. दर महिन्याला नवा स्वयंसेवक आला की मूल पुन्हा पहिल्या धड्यावर जातं. तासांची भर घालण्यासाठी शाळा जेव्हा आळीपाळीने सगळा वर्ग पाठवते, तेव्हा नुकसान त्या वाचायला शिकणाऱ्या मुलांचं होतं. कृपा करून हे थांबवा.

ज्यांच्याजवळ संस्था नाही, साधनं नाहीत, त्यांच्यासाठीही वाटा आहेत. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेच्या ई-बर्डवर पक्ष्यांच्या याद्या टाकता येतात. किती वेळ पाहिलं, किती अंतर चाललं, कुठल्या जातीचे किती पक्षी दिसले हे नोंदवायचं असतं. ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या भागाचे रस्ते, पाणवठे, दवाखाने नकाशात भरता येतात. मराठी विकिपीडियावर संदर्भ देऊन लेख सुधारता येतात. झूनिव्हर्सवर खऱ्या संशोधन प्रकल्पांतल्या प्रतिमांचं वर्गीकरण करता येतं. यांपैकी कशालाही फी लागत नाही, आणि नकाशावरचा किंवा विकिपीडियावरचा प्रत्येक बदल तारीखवार नोंदलेला राहतो. तीन वर्षांची ती नोंद म्हणजे कुणाच्या सहीशिक्क्याविना उभा असलेला पुरावा.

आता जे सोडायला हवं त्याबद्दल. इथे आम्ही स्पष्ट बोलणार आहोत.

बारावीच्या तोंडावर काढलेली संस्था. तिचं नाव इंग्रजी, बोधचिन्ह सुंदर, पहिली पोस्ट जूनमधली आणि शेवटची अर्जाच्या मुदतीच्या आसपासची. त्याच भागात तेच काम वर्षानुवर्षं करणारी जुनी संस्था असते आणि तिला हिशेब लिहायला, साठ्याची नोंद ठेवायला, स्वयंसेवकांचं वेळापत्रक लावायला माणूस मिळत नसतो. ‘संस्थापक’ ही पाटी सोडून ते काम धरलं तर मूल काहीतरी शिकतं आणि संस्थेलाही हात मिळतो.

विकतचं संशोधन. भरपूर पैसे घेऊन दहा-बारा आठवड्यांत शोधनिबंध लिहवून देणारे आणि शुल्क भरलं की छापणाऱ्या नियतकालिकात तो छापून देणारे अनेक आहेत. अशा निबंधात मुलाने न शिकलेली संख्याशास्त्रीय पद्धत वापरलेली असते. ‘हीच चाचणी का वापरलीस?’ या पहिल्याच प्रश्नाला ते गप्प होतं. प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे त्या साधनांनी पुन्हा करून पाहणं आणि आपलं उत्तर वेगळं का आलं ते चार पानांत लिहिणं, हे शाळेच्या प्रयोगशाळेत जमण्यासारखं आहे आणि प्रामाणिकही आहे.

नामांकित विद्यापीठाच्या आवारात होणारी महागडी उन्हाळी शिबिरं. यांतली बरीचशी पैसे भरणाऱ्या जवळपास प्रत्येकाला घेतात, काही तर बाहेरच्या कंपन्या जागा भाड्याने घेऊन चालवतात. त्या विद्यापीठात प्रवेश मिळण्याशी त्यांचा संबंध नसतो. खरोखर निवडक कार्यक्रमांची खूण उलटी आहे : एमआयटीत भरणारी रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट किंवा टेल्युराइड असोसिएशनचा उन्हाळी वर्ग यांत शिकवणं आणि राहणं-जेवण विनाशुल्क असतं, आणि निवड फार कडक. तिथे जागा मिळाली नाही तर सुटीत नोकरी करावी, वाचावं, आपलं खोल काम पुढे न्यावं. आठवडाभराच्या परदेशी ‘सेवा सहली’बद्दल एवढंच म्हणतो की विमानाच्या तिकिटाचे पैसे त्या गावाला थेट दिले असते तर गावाचं जास्त भलं झालं असतं, आणि हे वाचणाऱ्यालाही कळतं.

आणि अध्यक्षपदं. एका वर्गातून अकरा क्लबांचे अकरा अध्यक्ष, आठ सहअध्यक्ष आणि चार ‘संस्थापक अध्यक्ष’ बाहेर पडतात, तेव्हा त्या शाळेच्या अध्यक्षपदाला किंमत उरत नाही. पद हे कामाचं वर्णन असलं पाहिजे. ‘साहित्य प्रमुख : ६० वाद्यांची देखभाल’ हे ‘उपाध्यक्ष’पेक्षा कितीतरी जास्त सांगून जातं.

खेळाबद्दल थोडक्यात. हौसेने खेळणं आणि खेळाच्या जोरावर प्रवेश मिळवणं हे दोन वेगळे रस्ते आहेत. दुसऱ्या रस्त्यावर प्रशिक्षक थेट निवड करतात. एनसीएए या अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेच्या पहिल्या आणि दुसऱ्या विभागात खेळायचं तर त्यांच्या पात्रता केंद्रात नोंदणी करावी लागते. तिसऱ्या विभागात आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल यांसारख्या आठ जुन्या विद्यापीठांच्या गटात) खेळाची शिष्यवृत्ती नाही. हा रस्ता अकरावीत सुरू केला तरी बहुधा उशीर झालेला असतो. चित्रकला, संगीत, नृत्य यांचे नमुने अनेक महाविद्यालयं स्लाइडरूम या संकेतस्थळावर वेगळे मागवतात आणि तिथे त्या त्या विभागाचे अध्यापक ते पाहू शकतात. म्हणून मध्यम दर्जाचा नमुना पाठवण्यापेक्षा न पाठवणं बरं.

घरची कामं हा विषय आम्हाला सर्वांत जवळचा वाटतो. कॉमन ॲपच्या प्रकारांच्या यादीत ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ हा स्वतंत्र प्रकार आहे, ‘पगारी काम’ हाही आहे. तरीही आजारी आजीची औषधं-पथ्यं सांभाळणारी, धाकट्या भावंडाला रोज शाळेतून आणणारी, दुकानावर संध्याकाळी बसणारी मुलं आपल्या यादीत हे लिहीत नाहीत. त्यांना ते लिहिण्याजोगं वाटत नाही, कित्येकांना लाज वाटते. आठवड्याला १५ तास, ५२ आठवडे, तीन वर्षं आजीचं पाहणाऱ्या मुलीने ‘माझ्याकडे उपक्रम नाहीत’ म्हणावं यासारखं दुःख नाही. कॉमन ॲपच्या लाखो अर्जांवर झालेल्या अभ्यासात दिसलं आहे की सुखवस्तू घरांतली आणि खासगी शाळांतली मुलं जास्त उपक्रम, जास्त पदं आणि जास्त सन्मान नोंदवतात. ही दरी शाळा एकट्याने मिटवू शकत नाही. पण दहावीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला एकटं बसवून ‘शाळेनंतर घरी काय काय करतोस?’ हा साधा प्रश्न तुम्ही विचारू शकता. वर्गासमोर मात्र विचारू नका.

लिहिण्याची वेळ येते तेव्हा काय करावं? १५० अक्षरांत संस्थेचं कौतुक बसत नाही, बसवूही नये. नाव वरच्या खणात आलेलंच असतं, ते पुन्हा लिहिण्यात वीसेक अक्षरं फुकट जातात. सुरुवात क्रियापदाने करावी, मग आकडा, मग काय बदललं ते. अर्ज इंग्रजीत असला तरी घडण मराठीतही दाखवता येते. ‘समाजसेवेची आवड असल्याने वाचनालयात विविध उपक्रमांत उत्साहाने सहभाग घेतला’ यातून काहीच कळत नाही. ‘२,१०० पुस्तकांची यादी संगणकावर चढवली, हरवलेली १४० शोधली, शनिवारी ६ मुलांना गोष्टी वाचून दाखवते’ यातून सगळं कळतं, आणि तेही तेवढ्याच जागेत. चालू काम वर्तमानकाळात, संपलेलं भूतकाळात. क्रम महत्त्वाचा : सर्वांत जवळचं काम पहिलं, मग त्यात पुरस्कार मिळालेला नसला तरी. शब्द मोजके झाले की सगळं सांगितलं गेलं नाही असं वाटतं आणि मुलं उरलेलं ‘अतिरिक्त माहिती’त ओततात. ती जागा २०२५-२६ पासून ६५० शब्दांवरून ३०० वर आली आहे. ती खरोखर स्पष्टीकरण लागणाऱ्या गोष्टींसाठी राखावी.

खोटं लिहिण्याबद्दलही बोललं पाहिजे. अर्जाच्या शेवटी माहिती खरी असल्याचं लिहून द्यावं लागतं, आणि ती खोटी निघाली तर दिलेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठ काही अर्ज यादृच्छिक पद्धतीने निवडून उपक्रमांचा पुरावा मागतं. मार्च २०१९ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने उघड केलेल्या प्रवेश घोटाळ्यात कधीही तो खेळ न खेळलेल्या मुलांना खेळाडू म्हणून उभं केलं होतं, चेहरे चिकटवलेल्या छायाचित्रांसकट. सूत्रधाराला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. तुमची मुलं त्या टोकाला जात नाहीत. ती ३० तासांचे १०० करतात. पण तुमच्या शिफारसपत्रात त्या कामाचा उल्लेखच नसला, किंवा वेगळाच आकडा असला, तर ती विसंगती त्याच फाइलमध्ये शेजारी शेजारी पडलेली असते.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आणि करता येण्यासारख्या आहेत.

आठवड्यातली एक दुपार मोकळी सोडा. जादा तास नको, सराव परीक्षा नको. खोल कामाला वेळापत्रकात जागाच नसेल तर बाकीचं सगळं बोलणं व्यर्थ आहे.

नववीपासून प्रत्येक मुलाची एका पानाची नोंद ठेवा, वर्षातून दोनदा भरायची : काय केलं, किती आठवडे, किती तास, काय बिघडलं, पुढे काय. ‘काय बिघडलं’ हा रकाना वगळू नका. बारावीत शिफारसपत्र लिहिताना शिक्षकांना सर्वांत उपयोगी तोच पडतो, आणि मुलांनाही निबंधाचा विषय बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

नवा क्लब काढायची मुभा अकरावीच्या पहिल्या सत्रापर्यंतच ठेवा, आणि पुढच्या इयत्तेतला वारसदार ठरल्याशिवाय अध्यक्षाला प्रमाणपत्र देऊ नका. एका दिवसाच्या कार्यक्रमाची प्रमाणपत्रं छापणं तर आजच बंद करता येईल.

शेवटची मागणी ‘स्कूल प्रोफाइल’ची. अर्जासोबत तुम्ही जो शाळेचा परिचय पाठवता, त्यात निकालांचे आलेख असतात आणि इमारतीचं छायाचित्र असतं. तिथे एक परिच्छेद जोडा : शाळा किती वाजता सुटते, मुलं सरासरी किती प्रवास करतात, मैदान, प्रयोगशाळा, वाद्यवृंद यांपैकी काय आहे आणि काय नाही, क्लब आठवड्याला किती वेळ भरतात, कितींना घरी काम करावं लागतं. प्रवेश अधिकारी मुलाची यादी त्याच्या शाळेच्या परिस्थितीत ठेवून वाचतात, पण ती परिस्थिती त्यांना तुमच्याशिवाय कोण सांगणार? शाळेत वादसभाच नाही हे त्यांना कळलं, तर वादसभा नसलेली यादी कमी ठरत नाही. हा परिच्छेद लिहायला एक संध्याकाळ पुरते, आणि यंदाचे अर्ज १ नोव्हेंबरच्या पहिल्या मुदतीला जाण्याआधी तो जोडता येईल.

आपले,
उपक्रमांच्या याद्यांवर विद्यार्थ्यांसोबत काम करणारे आम्ही काही जण